चारही बदलून टाका

परवा पुण्याहून आत्याचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अरे, तुमच्या गाडीच्या सगळ्या कॉइल गेल्या होत्या म्हणे. आमची गाडी पण त्याच सालची आहे. आत्ताच बदलून घेऊ का?" त्याच संध्याकाळी नांदेडहून साडूंचा तोच प्रश्न. आमच्या घराण्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही आणि पसरता पसरता ती काय होऊन बसते हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हा एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकतो. आमच्या गाडीच्या कॉइल गेल्या नव्हत्या, आमचे पैसे गेले होते. आणि लिहायला बसलोच आहे, तर जरा भांडूनही घेतो.

आधी हकिगत.

गेल्या मे महिन्यात आईला डोळे दाखवायला लातूरला घेऊन निघालो होतो. ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून साडेसहालाच उदगीर सोडलं. नळेगावच्या अलीकडे गाडी हिसके द्यायला लागली. चढावर पिकअप नाही. गिअर काढून उभी केली, तर माश्या उडवताना म्हैस जशी अंग थरारवते तशी अख्खी गाडी थरथरतेय. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. आमच्याकडे याला 'मिसिंग' म्हणतात, म्हणजे चारातला एक सिलिंडर कामावर आलेला नाही.

आई मागून म्हणाली, "उतर की रे, काय झालंय बघ तिला." मी उतरलो, बोनेट उघडलं, आत पाहिलं, बोनेट लावलं. बोनेट उघडून आत बघणं हा आपल्या पुरुषमंडळींचा एक विधी आहे, त्यातून निष्पन्न काही व्हायचं नसतं.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. मी इथे ज्युनियर कॉलेजात अठ्ठावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक जुनी इंडक्शन कॉइल होती. बारावीच्या पोरांना मी ती दरवर्षी लावून दाखवायचो, दोन टोकांमध्ये निळी ठिणगी तडतडली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उभी राहायची. फॅरडे १८३१, म्युच्युअल इंडक्शन, पाच मार्कांचा हमखास प्रश्न. आणि त्याच वस्तूची चार पिल्लं त्या सकाळी माझ्या नाकासमोर, एका काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली बसली होती आणि ते झाकण उचलून बघावं हेसुद्धा मला सुचलं नाही.

कसंबसं लातूर गाठलं. आईला दवाखान्यात बसवलं आणि गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. (नाव लिहीत नाही. फोन करून विचारूही नका.) एसीची खोली, काचेपलीकडे गाड्या, हातात टॅब घेतलेला तरतरीत मुलगा. त्याने स्कॅनर जोडला. कोड आला पी-०३०२. मुलगा म्हणाला, "सर, कॉइल गेलीय. एक गेली की बाकीच्या पाठोपाठ जातात. चारही बदलून टाका. प्लगही बदलू. थ्रॉटल बॉडी साफ करून देतो, गाडी नवी होईल."

मी मान डोलावली. आई एकटी बसली होती, डोळ्यांत औषध घातलेलं, दुपारच्या आत परतायचं होतं. कॉइल अठराशेला एक, चारांचे ७,२००. प्लग ६४०. थ्रॉटल बॉडी ९५०. मजुरी ८००. एकूण ९,५९० रुपये. गाडी खरोखर लोण्यासारखी चालायला लागली. निघताना मी एवढी एकच शहाणपणाची गोष्ट केली, जुने पार्ट परत मागितले. मुलाला ते आवडलं नाही. पण दिले, एका पिशवीत घालून.

आठवड्याभराने गाडी पुन्हा थरथरायला लागली.

आता देगलूर रोडवरचे चाचा. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा माझ्याकडे उतरलेल्या एका मित्राची गाडी सकाळी सुरूच होईना. उंदराने वायर कुरतडली होती. ती चाचांनी शोधून काढली, तेव्हापासून ओळख. साठी कधीच उलटलेली. पत्र्याचं शेड, एक कडुनिंब, दोन डबे हत्यारं. स्कॅनर नाही. सुरुवात जीप आणि फियाटवर केली, पुढे मारुती आल्या, आता जे येईल ते.

चाचांनी गाडी सुरू ठेवायला सांगितली आणि सायलेन्सरपाशी उकिडवे बसून नुसता कान दिला. मग प्लास्टिकचं झाकण काढलं आणि एकेका कॉइलचा कनेक्टर काढून परत लावायला लागले. पहिला काढला, इंजिन आणखी लंगडलं. तिसरा काढला, तसंच. चौथा, तसंच. दुसरा काढला, इंजिनाला काहीच फरक नाही. म्हणजे दुसरा सिलिंडर आधीच मेलेला. यात वेळ गेला दोन मिनिटं. (हा कनेक्टर म्हणजे बारा व्होल्टवाली बाजू. चालत्या इंजिनात अख्खी कॉइल प्लगवरून उपसायची नाही, झटका बसतो आणि कॉइलही जाते.)

इंजिन बंद करून त्यांनी दुसऱ्या कॉइलचा एकुलता एक बोल्ट काढला, दहाची गोटी लागते त्याला, आणि कॉइल वर ओढली. खालची रबरी नळी तेलाने निथळत होती. बोटाला तेल लावून वास घेतला आणि पिशवीतल्या जुन्या कॉइल मागितल्या. जुन्यांपैकी एकीचं रबर तेल पिऊन फुगलं होतं, चिरलं होतं. बाकीच्या तीन त्यांनी आळीपाळीने पहिल्या सिलिंडरवर लावून बघितल्या. तिन्हींवर इंजिन मस्त.

"साब, ये तीन तो अच्छे हैं. काय कू बदले?"

मी काय सांगणार? अठ्ठावीस वर्षं फिजिक्स शिकवलं म्हणून बदलले.

दोष होता टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमध्ये. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्या तोंडाशी रबरी सील असतं, ते कडक होऊन गळत होतं आणि इंजिनाचं तेल थेंब थेंब विहिरीत उतरत होतं. तेलाने रबर खराब झालं की ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत जायच्या ऐवजी मध्येच बाजूच्या लोखंडाला उडी मारते. वर्कशॉपात नवी कॉइल लावली, कोरडं रबर होतं, गाडी चालली. तेल तर वरून येतच होतं. विहीर पुन्हा भरली, गाडी पुन्हा थरथरली. तिथल्या ज्या हातांनी ती कॉइल काढली त्या हातांना तेल लागलंच असणार. पुसलं असणार आणि नवी बसवली असणार.

पॅकिंग आणि सील मिळून ४८० रुपये, दुसऱ्या दिवशी लातूरहून मागवून मिळालं. चाचांनी विहीर साफ केली, कॉइल पुसली, कव्हर बसवलं. मजुरी मागितली तीनशे.

आणि मी, दहा हजारांच्या बिलावर मुकाट्याने सही करून आलेला माणूस, सवयीने बोलून गेलो, "अडीचशे घ्या की चाचा."

त्यांनी घेतले. काही बोलले नाहीत. नोट घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या रिक्षाकडे गेले.

माझं भांडण इथून सुरू होतं, आणि ते त्या टॅबवाल्या पोराशी फारसं नाही.

माझं ते ९,५९० चं बिल मी अजून जपून ठेवलंय. त्यावर कॉइल आहे, प्लग आहे, साफसफाई आहे, बसवण्याची मजुरी आहे. दोष शोधल्याची ओळ कुठेही नाही. दोष शोधलाच नव्हता, त्यामुळे ते प्रामाणिकच झालं म्हणायचं. :-) पण समजा, त्या पोराने अर्धा तास घालून तेल शोधून काढलं असतं आणि बिल दिलं असतं: 'तपासणी १,००० रुपये, सील ४८०, बसवण्याची मजुरी ५००.' मी काय केलं असतं? स्वतःला ओळखतो म्हणून सांगतो, मी काउंटरवर आवाज चढवला असता. "हजार रुपये कशाचे? नुसतं बघायचे?" दोन हजारांच्या खरेपणावर भांडलो असतो आणि दहा हजारांच्या थापेला मान डोलावली, कारण थापेबरोबर चार चकचकीत खोकी मिळाली होती.

आपण सगळे असेच आहोत. खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टरने नुसतं तपासून 'काही नाही, दोन दिवसांत बरं वाटेल' म्हटलं तर पेशंट नाराज होऊन बाहेर पडतो. सुई मारली, सलाईन लावली की पैसे वसूल. मग डॉक्टर सलाईन लावायला शिकतो. मेकॅनिकही तेच शिकला. पार्टवर आपण घासाघीस करत नाही, कारण त्यावर छापील किंमत असते. मजुरीवर करतो, कारण तिच्यावर छापलेलं काही नसतं. मग कोणता शहाणा मेकॅनिक डोकं चालवून पोट भरेल? तो पार्ट विकेल. पार्टमागे त्याला सुटतात, तुम्ही खुश, तो खुश. शोधायचा त्रास घेणारा एकटा मूर्ख ठरतो.

आणि असं नाही की आपल्याला पारखीची किंमत कळत नाही. आमच्या तालुक्यात हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार आहे, देवणी बैल बघायला लांबून माणसं येतात. तिथे कोणी बैलाचं नुसतं कातडं बघून पैसे मोजत नाही. दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात. ज्याला स्वतःला कळत नाही तो सोबत कळणारा माणूस नेतो, आणि सौदा झाला की त्याचे पैसे देतो. तिथे कोणी म्हणत नाही की तुम्ही नुसते दातच तर पाहिलेत. बैलाच्या बाबतीत नजरेचे पैसे द्यायची रीत आहे. तीच मंडळी (मीही त्यातलाच) सात-आठ लाखांची गाडी घेऊन गॅरेजात गेली की 'बघायचे काय पैसे' म्हणतात.

आता 'चारही बदला' या सल्ल्याकडे जरा नीट बघू, कारण तो तुम्हालाही मिळणार आहे. सगळ्यात वाईट म्हणजे तो अर्धा खरा आहे.

प्लग चारही एकदम बदलावेत, हे बरोबर. प्लग हा झिजायचाच पार्ट आहे. तीन हजार आरपीएमला प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो, प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू खाते, फट वाढत जाते. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर जातात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. तुमच्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा आणि तेच प्रमाण माना. चारही सारखेच झिजतात, तेव्हा सगळे एकदम.

कॉइल झिजत नाही. कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, त्यात फिरणारं काही नाही. बारा व्होल्टचे ती हजारो व्होल्ट करते, गरज पडली तर तीस हजारांच्याही वर जाते. ती मरते उष्णतेने, तेलाने, पाण्याने, किंवा झिजलेल्या प्लगमुळे. फट वाढली की ठिणगी पाडायला जास्त दाब लागतो, तो भार कॉइलवर येतो. म्हणजे दीडशेचा प्लग वेळेवर बदलला नाही तर तो अठराशेची कॉइल खातो. (साडूंसाठी: सीएनजीवर ठिणगी पडायला आणखी जास्त व्होल्ट लागतात, तुम्ही प्लगकडे लवकर बघा.) कॉइल मरायला काहीतरी कारण लागतं, आणि ते बहुधा एकाच विहिरीत असतं. शेजारणीला तेल लागलं म्हणून बाकीच्या तीन मरत नाहीत.

'सगळ्या एकाच वयाच्या आहेत, पुन्हा पुन्हा खोलण्यापेक्षा एकदाच करा' असाही युक्तिवाद मी ऐकलाय. मोठ्या सहा सिलिंडरच्या गाड्यांत कॉइलपर्यंत पोचायला वरचं अर्धं इंजिन उतरवावं लागतं, तिथे हे मला पटेल. आपल्या हॅचबॅकमध्ये कॉइल वरच असते. एक कनेक्टर, एक बोल्ट, पाच मिनिटं. पाच मिनिटांची मेहनत पुढे वाचावी म्हणून आज ५,४०० रुपये?

आणि खरी-खोटी करायची परीक्षा तर फुकट आहे. दोन नंबरवर मिसिंग आहे ना, मग इंजिन थंड असताना दोनची कॉइल तीनवर लावा आणि तीनची दोनवर. चालवून बघा. दोष तीनवर सरकला तर कॉइल खराब, एकच विकत घ्या. दोनवरच राहिला तर कॉइल बिचारी निर्दोष. मग प्लगची अदलाबदल करा. तरीही दोष हलला नाही तर वायर, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढे जायचं. आमच्या प्रयोगशाळेत पोरांना मी हेच तर शिकवत होतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. चारही कॉइल, चारही प्लग आणि थ्रॉटल बॉडी एकदम बदलली तर गाडी कशामुळे बरी झाली हे ब्रह्मदेवाला कळणार नाही. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने जर्नलमध्ये असा प्रयोग लिहिला असता तर मी पान फाडून दिलं असतं.

पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, आता कॉम्प्युटर सगळं सांगतो." सांगत नाही रे बाबा. पी-०३०२ चा अर्थ एवढाच की दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. कॉइल गेली असं तो कुठेही म्हणत नाही. स्कॅनर पंचनामा करतो, तपास पोलिसालाच करावा लागतो. स्कॅनर वाईट नाही. चाचांकडे असता तर त्यांची ती दोन मिनिटंही वाचली असती.

चाचांकडे तो का नाही, हाही एक प्रश्न आहे. पैसा हे एक कारण. पण दुसरं कारण सरकारी कागदावर आहे. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार गेली की गाड्यांच्या कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं-माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना दोषी धरून २,५४४ कोटी रुपयांचा दंड सांगितला. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल उघडलं, त्यात वाहनंही आहेत. देगलूर रोडच्या कडुनिंबाखाली यातलं काय पोचलं? चाचांना मी पोर्टलबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा." आणि कार्ब्युरेटर फुंकायला लागले.

पूर्वी गाडीबरोबर हत्यारांची पिशवी यायची आणि त्यात प्लग पाना असायचाच. ज्यांनी चेतक वापरली त्यांना आठवेल. लूना, राजदूत, चेतक, सगळ्या टू-स्ट्रोक, पेट्रोलात ऑइल मिसळलेलं, त्यामुळे प्लग सारखा काळा. आमची धाकटी आत्या (हीच ती, फोनवाली) शाळेत शिकवायला लूनावर जायची. वाटेत बंद पडली की उतरून पाना लावायची, प्लग काढायची, पॉलिश पेपरचा तुकडा पर्समध्येच असायचा, घासायची, फुंकर मारून परत लावायची. हात पदराला पुसून वर्गात! आज तीच आत्या मला विचारते कॉइल बदलू का. आत्या, राग मानू नकोस, पण तू मला शिकवायचीस गं.

नव्या गाडीबरोबर मिळतो जॅक आणि चाकाचा पाना. इंजिनावर प्लास्टिकचं झाकण. ते एका अर्थी आवाज कमी करतं म्हणतात. माझा तर आवाज त्याने पूर्णच बंद केला होता.

तर घरातल्या सगळ्यांसाठी, विशेषतः ज्यांना हात काळे करायला लाज वाटत नाही त्यांच्यासाठी, प्लग कसे बदलतात ते लिहितो. मी जून महिन्यात चाचांसमोर बसून शिकलो. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग काढला तर आटे सुटतात. कॉइल काढल्यावर विहिरीत आधी हवा मारा, नाहीतर आपल्याकडची सगळी धूळ सिलिंडरमध्ये जाईल. प्लगची लांब गोटी लागते, बहुतेक सोळाची, काही नव्या गाड्यांना चौदाची. नवा प्लग आधी हातानेच फिरवायचा, चाचा त्यासाठी रबरी नळीचा तुकडा वापरतात, आटे नीट लागले नाहीत तर नळी आपोआप घसरते. पाना अगदी शेवटी आणि जोर बेताचा, किती ते पुस्तकात असतं. जास्त आवळलात तर हेडचं काम निघतं आणि मग खरंच दहा हजार जातात. जुना प्लग फेकू नका, टोक बघा. फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. ओलं तेल असेल तर मिस्तरीला दाखवा. चारांतला एकच वेगळा दिसतोय का, हे सगळ्यात महत्त्वाचं. माझा दोन नंबरचा वेगळा होता. तो आत्ता टेबलावर आहे.

आणि दिवा लुकलुकत असेल तर मी दामटली तशी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळला तर कॉइल स्वस्त वाटेल. मी तसाच लातूरपर्यंत गेलो. नशीब.

वर्कशॉपमध्ये जायचंच असेल, जायलाही काही हरकत नाही, तर तीनच गोष्टी विचारा. कॉइलची जागा बदलून पाहिली का? दोष सरकला का? आणि जुने पार्ट द्या. उत्तर देताना समोरचा 'सर, सिस्टीम तसं सांगते' म्हणाला तर किल्ली परत घ्या. पण त्याने खरंच शोधून दिलं आणि शोधल्याचे पैसे मागितले, तर द्या. तोंड वाकडं न करता द्या. हे मी आधी स्वतःला सांगतोय.

चाचांचा मुलगा गॅरेजात येत नाही. बिदर रोडवर पार्टच्या दुकानात कामाला आहे, खोकी विकतो. हुशार आहे, बापाचे कान त्याला आहेत असं चाचाच म्हणतात. मी त्याला विचारलं, बाबांचं काम का नाही शिकत? म्हणाला, "सर, अब्बा शोधतात आणि तीनशे मागतात, गिऱ्हाईक अडीचशे देतं. मी एक कॉइल विकतो, तेवढे बसल्या जागी सुटतात." अडीचशे देणारं गिऱ्हाईक कोण ते त्याला माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. मी जास्त वेळ थांबलो नाही.

ते पन्नास रुपये द्यायला मी नंतर गेलो होतो. चाचांनी घेतले नाहीत. "हो गया साब, हिसाब हो गया." मग आता दर वेळी गाडी नेली की मी आधीच विचारतो, बघायचे किती? पहिल्यांदा त्यांना प्रश्नच कळला नाही. बघायचे म्हणजे काय साब? आता दोनशे सांगतात, हसत हसत. मागच्या महिन्यात ब्रेकचा आवाज येत होता. त्यांनी बघितलं, चाकात अडकलेला खडा काढला, बाकी काही नाही म्हणाले. मी दोनशे दिले. घरी आल्यावर सौ. म्हणाली, खडा काढायचे दोनशे? मी तिला हे सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो, तेवढ्यात तिची मालिका सुरू झाली.

असो. आत्या, तुझ्या गाडीला काही झालेलं नाही, ती नीट चालतेय ना? मग कशाला हात लावू नकोस. प्लग कधी बदलले होते तेवढं पुस्तकात बघून कळव. आणि कधीकाळी एखादी कॉइल खरंच गेली, तर विकत घेऊ नकोस. माझ्याकडे तीन चांगल्या पडून आहेत, त्याच पिशवीत. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा.